घरातली सगळी कामे एकाच मोबाइलवर येऊन ठेपली आहेत. दुसरी वाट कशी उघडी ठेवावी?

कृष्णाकाठची

नमस्कार.

माझे वडील पंचाहत्तरीच्या पुढे गेलेले असून वाई तालुक्यातील आमच्या गावी एकटेच राहतात. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. मध्यंतरी त्यांच्या मोबाइलचा डिस्प्ले गेला आणि तो वाईतल्या एका दुकानात दुरुस्तीला टाकावा लागला. सुटा भाग बाहेरून मागवायचा असल्याने फोन परत हाती यायला बराच वेळ लागला, आणि तेवढ्या काळात जे घडले त्यामुळे हा प्रश्न येथे विचारावासा वाटला.

गॅसचा सिलिंडर दारात आला, परंतु घेऊन येणाऱ्याने मोबाइलवर आलेला संकेतांक विचारला आणि तो सांगता न आल्यामुळे सिलिंडर परत गेला. रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या होत्या. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये होता आणि मूळ चिठ्ठी कुठे ठेवली हे वडिलांना आठवेना. किराणा दुकानदार जुन्या ओळखीचे असल्यामुळे त्यांनी वहीत मांडून सामान दिले, पण भाजीवाल्या मावशींना द्यायला घरात सुटे पैसे नव्हते, कारण अलीकडे वडीलही स्कॅन करूनच पैसे देतात. पासबुक शोधून काढले, तर ते कित्येक महिने भरून घेतलेलेच नव्हते. वडिलांनी गावच्या पतसंस्थेचे हिशेब हाताने लिहिण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत. "माझ्या खात्यात किती पैसे आहेत, हे आता मला फोनला विचारावे लागते," असे ते मला शेजाऱ्यांच्या फोनवरून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला अवघडलेपणा मला फार लागला.

मोबाइलविषयी माझी तक्रार नाही. रोज संध्याकाळी त्यांचा चेहरा पडद्यावर दिसतो, त्यांनी जेवण केले की नाही हे कळते, म्हणून तर मी इतक्या लांब राहून निश्चिंतपणे काम करू शकते. "फोन कमी वापरा, पुस्तक वाचा, फिरायला जा" असा सल्ला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो आणि तो चांगलाच आहे. परंतु माझे वडील फोनवर वेळ घालवत बसत नाहीत. त्यांचे अवलंबित्व सवयीचे नसून व्यवस्थेने त्यांच्यावर आणलेले आहे. गॅस, बँक, औषध, वीजबिल, निवृत्तिवेतन, प्रवासाचे आरक्षण या प्रत्येक कामाची पूर्वी निरनिराळी वाट होती आणि एक बंद पडली तरी बाकीच्या चालू राहत. आता त्या साऱ्या एकाच उपकरणातून जातात.

म्हणून विचारते की, आपल्यापैकी कोणी घरातील अशी कामे जाणीवपूर्वक मोबाइलबाहेर काढली आहेत का? बँका आणि सरकारी कार्यालये यांनी मोबाइल नसलेल्या माणसासाठी कोणती सोय ठेवणे अपेक्षित आहे? अडचणीच्या वेळी खरोखर उपयोगी पडलेले अनुभव कळले तर मी आभारी राहीन.

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, आपला प्रश्न फार नेमका आहे. बँकेतील नोकरीच्या शेवटच्या काळात खिडकीवर येणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकांच्या ज्या अडचणी मी पाहिल्या, त्यांतील बहुतेक आपल्या वडिलांच्या अडचणींसारख्याच होत्या.

प्रथम हे घडले कसे ते सांगतो, कारण उपायही त्यातूनच सुचतात. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हा हे यंत्र केवळ बोलण्यासाठी होते आणि आलेला कॉल घेतला तरी पैसे पडत असत. पुढे कार्डावरील माहिती चोरून इंटरनेटवर परस्पर खरेदी होऊ लागली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून अशा व्यवहारांना कार्डावरील माहितीखेरीज आणखी एक पडताळणी सक्तीची केली. ती कशी करावी याचे बंधन नव्हते, परंतु मोबाइल घरोघरी पोहोचू लागला होता आणि एसएमएसने पाठवलेला ओटीपी हा बँकांना सर्वांत स्वस्त व सोपा मार्ग ठरला. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले. त्यात तर खात्याशी जोडलेले सिमकार्ड त्याच फोनमध्ये असल्याची खात्री पटल्यावरच नोंदणी होते. हे सर्व ग्राहकाच्या सुरक्षिततेसाठी झाले आणि त्यामुळे फसवणुकीला आळाही बसला, हे नाकारता येणार नाही. मात्र बोलण्याचे यंत्र या प्रवासात ग्राहकाची सही होऊन बसले. घराचे दार, कपाट आणि तिजोरी या तिन्हींना एकच किल्ली करून ती रोज खिशात घेऊन फिरावे, तशी आज आपली स्थिती आहे.

आता उपायांकडे येतो. सर्वांत आधी पासबुक. दर महिन्याला ते भरून घ्यावे आणि चेकबुक संपण्याआधी नवे मागवावे. आपल्या स्वतःच्या शाखेत पासबुक घेऊन विड्रॉल स्लिपवर सही केली की पैसे मिळतात. त्यासाठी फोनची गरज नसते. ही सोय कुठेही बंद झालेली नाही, केवळ लोकांनी वापरणे सोडले आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. निवृत्तिवेतनाचे किंवा मोठ्या बचतीचे खाते आणि रोज स्कॅन करून पैसे देण्याचे खाते ही दोन वेगळी ठेवावीत. मोठ्या खात्याला जोडलेले सिम एखाद्या साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून तो फोन घरीच ठेवावा. त्याची बॅटरी अनेक दिवस टिकते आणि बाजारात जाताना तो बरोबर नेण्याचे कारण पडत नाही. स्मार्टफोनमध्ये दुसरे सिम आणि त्याला जोडलेले, महिनाभराच्या खर्चापुरती रक्कम असलेले छोटे खाते असावे. स्मार्टफोन दुरुस्तीला गेला, हरवला किंवा कोणी फसवले, तरी धोका त्या छोट्या खात्यापुरताच राहतो. साध्या फोनसाठी इंटरनेटसह महागडे रिचार्ज घेण्याची आता गरज नाही, कारण डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, केवळ कॉल आणि एसएमएस यांसाठीचे वेगळे प्लॅन देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. घरी पडून असलेले सिम मात्र विसरू नये. सुमारे ९० दिवस त्याचा काहीच वापर झाला नाही तर ते बंद होऊ शकते आणि कालांतराने तोच क्रमांक दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. बँकेला जोडलेल्या क्रमांकाच्या बाबतीत हे किती धोक्याचे आहे, ते वेगळे सांगायला नको.

फोन हरवल्यावर त्याच क्रमांकाचे नवे सिम घेतले तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस चालत नाहीत. चोरांनी परस्पर सिम बदलून घेऊन खाती रिकामी करू नयेत, यासाठी दूरसंचार विभागानेच हा नियम केला आहे. पण पुष्कळांना तो ठाऊक नसतो आणि "सिम आले, ओटीपी का येत नाही" म्हणून ते घाबरून जातात. निदान आठवड्याच्या खर्चाची रोकड घरात असावी, त्यात दहा-वीसच्या नोटाही असाव्यात, असा माझा आग्रह यासाठीच असतो. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ या दोन दिवशी तर देशभरातील यूपीआय सेवाच विस्कळीत झाली होती. तेव्हा ज्यांचे फोन ठणठणीत होते तेही दुकानात खोळंबून राहिले.

बँकांवरील जबाबदारीविषयी आपण विचारले आहे. सत्तरीच्या वरील ज्येष्ठ नागरिक आणि अपंग व्यक्ती यांना रोख रक्कम घरी आणून देणे व घरून नेणे, डिमांड ड्राफ्ट पोहोचवणे, हयातीचा दाखला घरी येऊन घेणे अशा सेवा द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना कळवलेले आहे. खेड्यातील शाखांत याची अंमलबजावणी समान नाही, हे मी जाणतो. तरीही तोंडी विचारून "नाही" हे उत्तर घेऊन परत येऊ नये. लेखी अर्ज करावा. हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून देता येतो ही मोठी सोय झाली आहे, पण नोव्हेंबर महिन्यात शाखेत प्रत्यक्ष जाऊन सही करून देण्याची जुनी पद्धतही चालू आहे. वीजबिल खात्यातून आपोआप वळते करण्याची सूचना शाखेत कागदावर देता येते.

कोरडवाहू_औसा

वरील प्रतिसाद फार उपयुक्त आहे. मी लातूर जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादक शेतकरी असून, हा प्रश्न शेतीच्या बांधावरही किती खोल गेला आहे ते सांगतो.

पूर्वी हंगामात तलाठी पीक पाहणी करून गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्यातील पिकांच्या भागात, पिकांची नोंद घेत. त्यात कार्यालयात बसून मागच्या वर्षीचेच पीक पुढे ओढण्याचे प्रकार घडत, ही वस्तुस्थिती आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद आपणच करण्याचा अधिकार शेतकऱ्याला मिळाला. हा बदल मला तत्त्वतः मान्य आहे. नोंद खरी असेल तर नुकसानभरपाई, पीकविमा आणि हमीभावाची खरेदी या सगळ्या ठिकाणी तिचा आधार मिळतो.

पण प्रत्यक्ष काम कसे होते ते पाहा. खरिपाची नोंद पावसाळ्यात करायची असते. काळी जमीन, गुडघ्याइतके सोयाबीन, वरून भुरभुर. अशा वेळी प्लास्टिकच्या पिशवीतून फोन बाहेर काढायचा, खाते आणि गट क्रमांक निवडायचा, पीक व क्षेत्र भरायचे आणि मग फोनला आपण उभे आहोत ते ठिकाण ओळखता येईपर्यंत चिखलात थांबून पिकाचा फोटो घ्यायचा. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, आणि ऊन पडले तर त्यावरचे अक्षर दिसत नाही. आमच्या शिवारात रेंज नसल्यामुळे फोटो शेतात घ्यायचा आणि तो पुढे पाठवण्यासाठी रस्त्याच्या चढावर यायचे, असा क्रम ठरलेला आहे. ज्याचा फोन जुना आहे त्याच्या फोनवर ॲप नीट चालत नाही. ज्या विधवा बहिणीच्या नावे दोन एकर आहेत आणि जिच्याकडे फोनच नाही, तिने कोणाला विचारायचे?

यावर आम्ही गावात एक साधी व्यवस्था बसवली आहे. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. त्यामुळे ज्यांचे फोन बरे आहेत असे काही तरुण आपापल्या बाजूचे शिवार वाटून घेतात आणि ज्यांना जमत नाही अशांच्या शेतावर जाऊन, त्यांना सोबत घेऊन नोंद करतात. सोबत घेऊन हे महत्त्वाचे आहे, कारण पीक कोणते लिहिले हे मालकाने डोळ्यांनी पाहिले पाहिजे. मुदतीत शेतकऱ्याकडून राहिलेल्या गटांची पाहणी नंतर गावासाठी नेमलेल्या सहायकांकडून होते, हेही वयस्कर खातेदारांना सांगून ठेवतो, म्हणजे जीव टांगणीला लागत नाही.

दुसरी अडचण आधारला जोडलेल्या क्रमांकाची. पीएम-किसानची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, असो किंवा २०२५ पासून राज्यात योजनांसाठी आवश्यक झालेला शेतकरी ओळख क्रमांक असो, ओटीपी आधारला जोडलेल्या क्रमांकावर जातो. गावातील कितीतरी म्हाताऱ्या माणसांचे आधार पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलाच्या क्रमांकाला जोडलेले आहे. मुलगा कामावर असतो, कॉल घेत नाही, आणि इकडे केंद्रावर ओटीपीची मुदत संपते. काही ठिकाणी तर तो क्रमांक बंद होऊन जमाना झाला आहे. हंगामाच्या आधी, गर्दी नसताना, आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन चालू क्रमांक नोंदवून घेणे एवढे एक काम ज्याने केले, त्याचे पुढचे बरेच हेलपाटे वाचतात. ताईंनी वडिलांच्या आधारला कोणता क्रमांक जोडलेला आहे हे याच निमित्ताने तपासावे, असे सुचवतो.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची रहिवासी आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात वीज गेली आणि त्यापाठोपाठ मोबाइलचे नेटवर्कही गेले. आमचे बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर असल्याने माणसे सुरक्षित होती, परंतु खालचा मजला पाण्यात असताना कोण कुठे अडकले आहे हे कळायला काही मार्ग उरला नव्हता. पाणी ओसरल्यावर रेंज असलेल्या ठिकाणापर्यंत चालत गेलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी आपला फोन लोकांना वापरायला दिला. तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या कित्येकांना आपल्या मुलाचा, भावाचा, नवऱ्याचा क्रमांक आठवत नव्हता. सगळे क्रमांक त्यांच्या बंद पडलेल्या किंवा भिजलेल्या फोनमध्ये होते.

माझ्या सासूबाईंनी मात्र घरच्या लँडलाइनच्या काळातील वही जपून ठेवली होती. प्लास्टिकच्या वेष्टनातली, अक्षरवारीने लावलेली ती वही घेऊन आम्ही गेलो आणि मुंबईला कळवू शकलो. लँडलाइन कधीच काढून टाकली होती. तरी नवा क्रमांक कळला की त्या तो वहीत लिहीत राहिल्या होत्या, म्हणून ती उपयोगी पडली.

तेव्हापासून आमच्याकडे काही गोष्टी कागदावरच असतात. जवळच्या माणसांचे क्रमांक एका कार्डावर लिहून ते घरात दाराच्या आतल्या बाजूला आणि प्रत्येकाच्या पाकिटात ठेवले आहे. त्याच कार्डाच्या मागे रक्तगट, चालू औषधांची नावे व मात्रा आणि डॉक्टरांचा क्रमांक आहे. औषधाची चिठ्ठी फोनमध्ये ठेवायला हरकत नाही, पण तिची झेरॉक्स औषधांच्या डब्यातच ठेवावी, म्हणजे शोधाशोध होत नाही. फोनचा आयएमईआय क्रमांकही, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, त्या कार्डावर लिहिलेला आहे. फोनवर *#०६# दाबले की तो दिसतो. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरून तो बंद करून घेताना हा क्रमांक लागतो, आणि तेव्हा तो शोधायला फोन हाताशी नसतो.

मुलांना निदान आई आणि वडील यांचे क्रमांक तोंडपाठ असलेच पाहिजेत, असे मला फार वाटते. पाढे पाठ होतात, तर दहा आकड्यांचे दोन क्रमांक सहज होतील.

जि_प_शिक्षिका

वरील सर्व सूचना मी स्वतःही अमलात आणणार आहे. तरीही ताईंच्या एका वाक्याविषयी नम्रपणे वेगळे मत मांडते. सवयीचे अवलंबित्व वेगळे आणि व्यवस्थेने आणलेले वेगळे, अशी विभागणी वडिलांच्या बाबतीत बरोबर असेल. परंतु मुलांच्या बाबतीत एकातूनच दुसरे जन्माला येते, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास फोनवर गेला. त्या काळात दुसरा इलाज नव्हता, आणि ज्या घरात फोन नव्हता तेथील मुले मागे पडली, हे आम्ही पाहिले. शाळा पुन्हा भरू लागल्यावरही पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी तशीच राहिली. आता मूल संध्याकाळी घरी आले की गृहपाठ पाहण्यासाठी आईचा फोन मागते. तो नाकारता येत नाही, कारण काम शाळेचे असते. गणिताची पाच उदाहरणे वहीत उतरवून होईपर्यंत वरून सूचनांच्या पट्ट्या येत राहतात, बोट चुकून किंवा जाणूनबुजून त्यावर पडते, आणि अर्ध्या तासाने आई स्वयंपाकघरातून येऊन पाहते तेव्हा उदाहरण दुसऱ्याच ओळीवर थांबलेले असते. मुलाला रागावून काय उपयोग? फोन त्याच्या हातात शाळेनेच ठेवला. आमच्या वर्गापुरता मी हा प्रकार थांबवला आहे. गृहपाठ फळ्यावर लिहिते, मुले तो डायरीत उतरवून घेतात आणि ग्रुपवर केवळ सुट्टी किंवा पालकसभा यांची सूचना जाते. यामुळे मुलांचे पाहून लिहिण्याचे अक्षरही सुधारले.

सवय मोडण्याच्या बाबतीत सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचे उदाहरण मला मोलाचे वाटते. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घरातले टीव्ही व मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे, असे ठरले. याची सुरुवात सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने आणि महिलांच्या ग्रामसभेतील निर्णयाने झाली. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन लोकांना समजावत होते. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करण्याचा आणि मोडल्यास २०० रुपये दंड घेण्याचा ठराव केला. त्यामागची कळकळ मी समजू शकते, परंतु मला पहिला मार्ग अधिक टिकाऊ वाटतो. त्यात बंधन एकट्या मुलावर नाही. वडिलांचाही फोन बाजूला ठेवला जातो, आणि शेजारच्या घरातला टीव्हीही त्याच वेळी बंद असल्यामुळे आपल्यालाच काहीतरी हिरावून घेतल्यासारखे मुलाला वाटत नाही. शहरातील एखाद्या सोसायटीला किंवा दोन-चार घरांच्या वाड्याला हे करायला कोणाची परवानगी लागणार नाही.

आणखी एक. घरात साधे भिंतीवरचे घड्याळ, गजराचे घड्याळ, कॅलेंडर आणि बॅटरी असावी. वेळ पाहायला किंवा रात्री अंगणात जायला फोन उचलला की तो लगेच खाली ठेवला जात नाही, हे आपण सर्वच जाणतो.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. शिक्षिकाताईंचे म्हणणे मला पटले. मुलांच्या बाबतीत मी तेवढा विचार केलेला नव्हता, आणि माझ्या मुलाच्या शाळेत डायरीचा विषय पालकसभेत मांडणार आहे.

या शनिवारी गावी जाऊन आले. वडिलांचे पासबुक भरून घेतले, औषधांच्या चिठ्ठीच्या झेरॉक्स डब्यात ठेवल्या आणि क्रमांकांचे कार्ड त्यांनीच आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहून दाराच्या आत लावले. गॅस एजन्सीत चौकशी केली, तेव्हा नोंदवलेला क्रमांक लेखी अर्जाने बदलता येतो असे कळले. आधारला मात्र त्यांचा कधीच बंद झालेला जुना क्रमांक जोडलेला निघाला, त्यामुळे औशाच्या दादांची सूचना अगदी वेळेवर मिळाली.

शाखाधिकारी काका, आपल्याला एक विचारायचे आहे. माझे भाऊ म्हणतात की वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याला माझाच मोबाइल क्रमांक जोडून टाकावा, म्हणजे सर्व ओटीपी माझ्याकडे येतील आणि वडिलांना फोनची काळजीच उरणार नाही. वडिलांनीही "तुम्हाला सोयीचे असेल ते करा" असे म्हटले. हे योग्य होईल का?

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, भावांचा हेतू चांगला आहे, तरी मी तसे करू नये असेच सांगेन. खाते त्यांचे आहे, तर क्रमांकही त्यांचाच असावा. खात्यातून पैसे गेल्याचा किंवा निवृत्तिवेतन जमा झाल्याचा संदेश त्यांच्या हातात पडला पाहिजे. तो आपल्याकडे आला तर दर महिन्याला त्यांनी मुलीला विचारायचे, आणि फोनला विचारण्यापेक्षा ते त्यांना अधिक जड जाईल. शिवाय आपला फोन ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी दोन घरांचे व्यवहार एकदम अडतील. ओटीपी दुसऱ्याला सांगू नये असे आम्ही ग्राहकांना बजावत असू, तो नियम कुटुंबातही पाळलेला बरा; म्हाताऱ्या माणसाला एकदा फोनवर ओटीपी सांगायची सवय लागली की उद्या मुलगी असल्याचे भासवून कोणी मागितला तरी ते सांगून मोकळे होतात. तसे काही घडलेच तर ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायची, हे त्यांच्या त्या कार्डावर लिहून ठेवा.

त्याऐवजी बचतीचे खाते आपल्या दोघांच्या नावे, "आयदर ऑर सर्व्हायव्हर" या पद्धतीने, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याने आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याने चालवावे असे, संयुक्त करून घ्या. मग आपण पुण्यातल्या शाखेतून आपल्या स्वतःच्या सहीने व्यवहार करू शकाल आणि त्यांचा अधिकारही अबाधित राहील. निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होते त्यात साधारणपणे पती किंवा पत्नीलाच सहखातेदार करता येते, त्यामुळे त्याविषयी शाखेत आधी विचारून घ्या आणि नसेल जमत तर बचतीचे खाते वेगळे उघडा. नॉमिनीचे नाव नोंदवलेले आहे का, तेही पासबुकाच्या पहिल्या पानावर पाहा. पूर्वीची खाती तशीच राहिलेली असतात. आईंचे नाव अजून असेल तर ते बदलावे लागेल.

घरपोच सेवेचा अर्ज मात्र आत्ताच, त्यांची प्रकृती चांगली असताना द्या. अर्जावर त्यांचा जन्मदिनांक, पत्ता आणि साध्या फोनचा क्रमांक लिहा, सोबत वयाच्या पुराव्याची प्रत जोडा, दोन प्रती करा आणि एका प्रतीवर तारखेसह शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.